कधी सुरू होतो, कधी होत नाही

(मंडळाच्या मासिक व्याख्यानात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या जागी उभं राहून आजवर मोठमोठ्या लोकांनी इतिहासावर, संतसाहित्यावर, नाट्यसंगीतावर भाषणं दिली. आज आमच्यावर पाळी आली ती एका बिघडलेल्या डब्यामुळे. आपल्या वाचनालयात खिडकीशी जो संगणक आहे तो गेले दोन हिवाळे सगळ्यांना छळत होता. तो दुरुस्त झाल्याचं कार्यकारिणीत कळलं तेव्हा अध्यक्ष म्हणाले, ‘काय केलं ते एकदा सगळ्यांना सांगून टाका, घरोघरी असे डबे आहेत.’ म्हणून हे धाडस.

सुरुवातीलाच एक खुलासा. बोलताना आम्ही ‘आम्ही’ म्हणणार आहोत, ते मोठेपणा म्हणून नव्हे. एक तर इंदुरात चार पिढ्या गेल्यावर हिंदीतला ‘हम’ मराठीतही येऊन बसतो. दुसरं म्हणजे हे काम एकट्याचं नाही. बँकेतून निवृत्त झालेले आपले नाना, बी.सी.ए. करणारा आमचा भाचा आणि आम्ही, असे तिघं त्यात होतो. आमचं शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, तोही वीस-बावीस वर्षांपूर्वी पॉलिटेक्निकमधून केलेला. नोकरी राज्य शासनाची. नोकरीत त्या डिप्लोम्याचा उपयोग फारसा होत नाही, नोटशीट लिहिण्याचा मात्र रोज होतो. आणि गंमत अशी की या कामात शेवटी डिप्लोम्यापेक्षा नोटशीटची सवयच जास्त कामाला आली. ते पुढे येईल.

तर हा संगणक. नऊ वर्षांपूर्वी मंडळानं तो सुटे भाग जुळवून करून घेतला. चांगला चालला. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात त्याला खोड लागली. सकाळी बटण दाबलं की कधी पंखा झटका देऊन थांबायचा. कधी पंखा फिरत राहायचा पण पडदा काळा. पुन्हा बटण दाबा, पुन्हा काळा. तीन-चार वेळा असं झालं की पाचव्या वेळी महाराज काही घडलंच नाही अशा थाटात सुरू व्हायचे, आणि मग संध्याकाळपर्यंत तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी कदाचित पहिल्या दाबालाच सुरू. तिसऱ्या दिवशी पुन्हा नखरे.

अजिबात सुरू न होणारा संगणक दुरुस्त करणं सोपं असतं. त्याचा आजार तुमच्यासमोर ठाण मांडून बसलेला असतो, तपासा हवा तितका. कधी चालतो नि कधी चालत नाही, असा जो असतो, तो डॉक्टरकडे गेल्यावर ताप उतरणाऱ्या पोरासारखा. दुकानात नेला की चालतो. दुकानदार तुमच्याकडे बघतो, तुम्ही त्याच्याकडे बघता.

आणि अशा संगणकावर प्रत्येकाकडे एक खात्रीचा उपाय असतो, कारण जो उपाय केल्यावर तो योगायोगानं सुरू होतो तोच उपाय खरा ठरतो. आपल्या वाचनालयात कोणी कॅबिनेटच्या उजव्या अंगाला थाप मारायचं, कोणी मागची वायर काढून दहापर्यंत आकडे मोजायचं. एका काकांचा ठाम विश्वास होता की आधी माऊस हलवावा आणि मग बटण दाबावं. दसऱ्याला त्याची पूजा मात्र नेमानं होत होती, त्यात खंड नाही.

त्या पहिल्या हिवाळ्यात आम्ही तो दुरुस्तीला दिला. तिथून फोन आला, ‘विंडोज खराब झालंय, फॉरमॅट मारावं लागेल, मारू का?’ आम्ही ऑफिसात होतो, समोर साहेब. आम्ही म्हटलं, ‘हो, करून टाका.’

ही चूक आमची. दुरुस्ती करणाऱ्यानं विचारलं होतं, आम्ही विचार न करता हो म्हटलं. सभासदांची यादी, वर्गणीचा हिशेब, कोणाचं कोणत्या साली निधन झालं त्याच्या नोंदी, हे सगळं डेस्कटॉपवर ठेवलेलं होतं. डेस्कटॉपवर ठेवलेलं म्हणजे सी ड्राइव्हवर. आणि फॉरमॅट सी ड्राइव्हचंच होतं. ते गेलं. नानांनी पुढचे दोन महिने पावतीपुस्तकं उघडून पुन्हा यादी टंकली. एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पण त्या डब्यात त्याहून मोलाचं काहीतरी होतं, आणि ते डी ड्राइव्हवर होतं म्हणून केवळ वाचलं. आपल्या रामबागेतल्या काकू, ज्यांना आपण सगळे नुसतं काकूच म्हणायचो, त्यांच्या आवाजातली सत्तावीस ध्वनिमुद्रणं. वाईहून लग्न होऊन त्या इंदूरला आल्या तेव्हा होळकरांचं संस्थान नुकतंच मध्यभारतात विलीन झालं होतं. मंगळागौरीची गाणी, फुगड्यांचे प्रकार, इथल्या वाड्यांमधल्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या आठवणी, शिप्रेवर जाताना टांग्यात काय गप्पा व्हायच्या, असं सगळं त्यांनी त्याच संगणकासमोर माइक धरून सांगितलेलं आहे. मध्येच ‘हे चालू आहे का रे?’ असं विचारतात तेही आहे. काकू जाऊन आता तीन वर्षं झाली. आणि या सत्तावीस फायलींची दुसरी प्रत जगात कुठंही नव्हती. फॉरमॅट करणाऱ्यानं त्या दिवशी दोन्ही भाग पुसले असते, तर आमच्या त्या ‘हो, करून टाका’मध्ये काकूंचा आवाजही गेला असता. हे आम्हाला कळलं तेव्हा रात्री झोप लागली नाही.

फॉरमॅटनंतर संगणक मार्चमध्ये परत आला आणि उन्हाळाभर उत्तम चालला. पावसाळ्यातही चालला. सगळे म्हणाले, बघा, विंडोजचाच दोष होता. नोव्हेंबर उलटला, गारठा सुरू झाला, आणि एका सकाळी पुन्हा पडदा काळा.

या वेळी मत आलं की मदरबोर्ड गेला असणार, जुना झालाय, नवीनच घ्या, तीस-पस्तीस हजारात चांगला येईल. कार्यकारिणीत विषय निघाला. आम्ही एक महिना मागून घेतला.

सगळ्यात आधी आम्ही बिघाड शोधला नाही. ज्या दिवशी संगणक चौथ्या प्रयत्नाला सुरू झाला त्या दिवशी त्यावर चिठ्ठी लावली, ‘कृपया बंद करू नये’, आणि डी ड्राइव्हवरचं सगळं एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतलं. मग ती डिस्क घरी नेऊन दुसऱ्या संगणकावर लावली आणि सत्तावीसच्या सत्तावीस फायली उघडून ऐकल्या. कॉपी झाली असं पडद्यावर दिसणं वेगळं आणि ती उघडणं वेगळं. आज तीन प्रती आहेत. एक वाचनालयाच्या कपाटात, एक नानांकडे, एक काकूंच्या लेकीकडे पुण्याला. पेनड्राइव्ह आणण्या-नेण्यासाठी ठीक, पण एकुलती एक प्रत त्यावर ठेवून निर्धास्त राहू नका.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण कितीतरी घरांत यावरून रडारड होते. संगणक सुरू होत नाही म्हणजे त्यातलं सगळं गेलं असं नव्हे. फोटो आणि फायली हार्ड डिस्कवर असतात आणि डिस्क हा वेगळा भाग आहे. मदरबोर्ड जळाला तरी डिस्क काढून, एका साध्या केबलनं दुसऱ्या संगणकाला यूएसबीवर जोडून ती वाचता येते. अलीकडच्या काही संगणकांवर बिटलॉकर नावाचं कुलूप असतं, त्याची किल्ली म्हणजे आकड्यांची एक लांब रांग, ती आधी लिहून ठेवलेली असली तर बरं. आणि डिस्कमधूनच जर टक-टक असा आवाज येत असेल, तर पुन्हा पुन्हा सुरू करून बघू नका. प्रत्येक प्रयत्नानं आतली इजा वाढण्याची भीती असते. ती डिस्क बंद ठेवून जाणत्या माणसाकडे न्यावी. बाकी बऱ्याच बिघाडांत आणखी चार वेळा बटण दाबून फारसं बिघडत नाही, यात मात्र बिघडतं.

आता शोध. भाच्याचं म्हणणं, ‘मामा, सरळ रॅम बदलून बघू.’ नानांचं म्हणणं, आधी नोंदवही घाला. बँकेत आयुष्य गेलेलं. आम्हालाही आवक-जावकची सवय. मग संगणकाशेजारी सुतळीनं बांधून चाळीस पानी वही लटकवली. जो कोणी संगणक सुरू करील त्यानं तारीख, वेळ, कितव्या प्रयत्नाला सुरू झाला आणि नाही झाला तर कुठपर्यंत पोचला, एवढं लिहायचं. माऊस हलवणाऱ्या काकांनाही सांगितलं, माऊस हलवला तर तेही लिहा.

‘कुठपर्यंत पोचला’ हे नीट समजून घ्यायला हवं. इंदूरहून मुंबईला जाणारी आपली अवंतिका घ्या. उज्जैन, रतलाम, वडोदरा, सुरत करत जाते. गाडी रतलामला अडली असेल तर सुरतेला जाऊन चौकशी करण्यात अर्थ नाही. संगणकाचंही तसंच आहे. बटण दाबलं की आधी वीज आत येते, दिवा लागतो, पंखा फिरतो. मग मदरबोर्ड स्वतःची तपासणी करतो, त्या वेळी पडद्यावर कंपनीचं नाव किंवा काही अक्षरं दिसतात. मग विंडोजचं चिन्ह येतं. मग तुमचा डेस्कटॉप. दिवाच लागत नसेल तर दोष भिंतीतल्या सॉकेटपासून बटणापर्यंत कुठेतरी. पंखा फिरतो पण पडद्यावर काहीच नाही, तर वीज, रॅम, मदरबोर्ड, किंवा अगदी साधं म्हणजे मॉनिटरची केबल. कंपनीचं नाव आलं आणि मग अडलं तर डिस्क किंवा विंडोज. आपला संगणक विंडोजच्या चिन्हापर्यंत पोचतच नव्हता. म्हणजे पहिल्या हिवाळ्यातल्या त्या फॉरमॅटचा आणि बिघाडाचा काहीही संबंध नव्हता. गाडी उज्जैनलाच अडली होती आणि आम्ही मुंबईचे रूळ उखडले.

पहिली तपासणी भिंतीची. तिथे भलतंच सापडलं. आपल्यापैकी काहींना आठवत असेल, त्या कॅबिनेटच्या पत्र्याला ओला हात लागला की झिणझिण्या यायच्या. ‘थोडा करंट मारतो’ असं म्हणून आपण सोडून द्यायचो. इलेक्ट्रिशियननं सॉकेट उघडलं तर अर्थिंगची वायर जोडलेलीच नव्हती, आत नुसती वळून ठेवलेली होती. संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या तोंडाशी गडबड गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून पत्र्याकडे, एक न्यूट्रलकडून पत्र्याकडे. अर्थिंग असलं की तिथून येणारा किंचित प्रवाह जमिनीत जातो. नसलं की पत्रा २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास लटकत राहतो. प्रवाह अगदी थोडा म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात. पण पुरवठ्यात खरा दोष निर्माण झाला तर तोच पत्रा जीव घेऊ शकतो, आणि वाचनालयात मुलं येतात. दुसऱ्या दिवशी अर्थिंग जोडून घेतलं. घरी कॅबिनेट किंवा फ्रिजला झिणझिण्या येत असतील त्यांनी हे भाषण विसरलं तरी चालेल, इलेक्ट्रिशियनला मात्र बोलवावं.

संगणक तरीही सकाळी रुसतच होता.

मग आम्ही दुसरी चूक केली. एका रविवारी तिघंही मोकळे होतो, उत्साह होता. कॅबिनेट उघडून ब्रशनं धूळ काढली. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबरानं हलक्या हातानं पुसले, पुन्हा खटका बसेपर्यंत दाबून बसवली. मदरबोर्डवरची बटणासारखी बॅटरी बदलली. ती सीआर २०३२ असते, ३ व्होल्टची, कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळते. संगणक रोज वेगळीच जुनी तारीख दाखवायला लागला, किंवा सुरू होताना एफ-वन दाबा म्हणून अडायला लागला, तर बहुधा हीच संपलेली असते. त्याच झटक्यात डिस्कची केबलही बदलली. चार कामं एका दिवसात. आणि संगणक आठ दिवस पहिल्या दाबाला सुरू झाला! भाच्यानं जिलेबी आणली, पोहे झाले.

नवव्या दिवशी कडक थंडी पडली आणि पडदा काळा.

आता आम्हाला काय कळलं? काही नाही. चारपैकी कशानं आठ दिवस बरं वाटलं, की कशानंच नाही, सांगता येईना. पॉलिटेक्निकमधले आमचे एक सर प्रॅक्टिकलच्या वेळी ओरडायचे, एका वेळी एकच गोष्ट बदला. वीस वर्षांनी त्यांचा आवाज ऐकू आला. रॅम पुसणं हा उपाय खोटा नाही, पावसाळ्यानंतर दातांवर चढलेल्या थरामुळे असा काळा पडदा खूपदा येतो आणि खोडरबर लावलं की जातो. पण ते एकटंच करून बघायला हवं होतं.

मग नाना वही घेऊन बसले. खतावणी तपासावी तशी पाच आठवड्यांची पानं त्यांनी लाल पेन्सिलीनं तपासली आणि म्हणाले, ‘अरे, दुपारी एकदाही अडलेला नाही.’ खरंच. अडल्याच्या सगळ्या नोंदी सकाळी दहाच्या आतल्या. त्यातही वाचनालयाच्या सुट्टीनंतरच्या सकाळी सगळ्यात वाईट. ज्या दिवशी सभेमुळे संगणक रात्री उशिरापर्यंत चालू होता, त्याच्या दुसऱ्या सकाळी प्रयत्न कमी लागले होते. माऊस हलवलेल्या आणि न हलवलेल्या दिवसांत फरक नव्हता, हेही नानांनी काकांना दाखवलं. काका म्हणाले, तरी मी हलवणार.

म्हणजे संगणकाला थंडी बाधत होती. आपलं वाचनालय तळमजल्यावर, दगडी भिंती, उन्हाची तिरीप बाराला येते. इथे डिप्लोमा थोडा जागा झाला. थंडीनं आजारी पडणारा भाग म्हणजे एसएमपीएस, वीज आत घेणारा तो पत्र्याचा चौकोनी डबा. तो २३० व्होल्टची वीज घेऊन १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून देतो. आत कपॅसिटर असतात. त्यांचं काम आपल्या गच्चीवरच्या टाकीसारखं. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, पण टाकी असते म्हणून नळाची धार रोज सारखी राहते. टाकीत गाळ भरला तर धार कधी जोरात, कधी करंगळीएवढी. या कपॅसिटरच्या आत एक द्रव असतो, तो उष्णतेनं वर्षानुवर्षं सुकत जातो. जो उरतो तो थंडीत घट्ट होतो, आणि कपॅसिटर आपलं काम अर्ध्यावर सोडतो. दोन-चार वेळा बटण दाबलं की त्यातून प्रवाह जाऊन तो जरा तापतो, द्रव सैल होतो, आणि पाचव्या वेळी संगणक सुरू. उन्हाळ्यात तर तक्रारच नाही. पहिल्या वर्षी मार्चमध्ये तो ‘बरा’ झाला तो फॉरमॅटनं नव्हे, मार्चनंच.

आणखी एक. एसएमपीएस सुरू झाला की लगेच मदरबोर्डला परवानगी देत नाही. आधी स्वतःचे सगळे व्होल्ट ठीक आहेत का ते बघतो, आणि अर्ध्या सेकंदाच्या आत एका करड्या वायरवरून ‘ठीक आहे’ असा इशारा देतो. तो इशारा येईपर्यंत मदरबोर्ड प्रोसेसरला झोपवून ठेवतो. म्हणून पंखा फिरतो पण पडद्यावर काही येत नाही, आणि बघणारा म्हणतो, वीज तर येतेय, मग मदरबोर्डच गेला.

आता कबुली देणं भाग आहे की हा एसएमपीएस आम्ही डिसेंबरातच मल्टीमीटरनं तपासला होता. पिवळ्या वायरवर १२ व्होल्ट हवेत, ५ टक्के इकडेतिकडे चालतात, म्हणजे ११.४ ते १२.६. आले १२.१. लाल वायरवर ५ हवेत, तेही ठीक. आम्ही शेरा मारला, ‘एसएमपीएस योग्य आढळला’. पण ती तपासणी केली होती ऑफिस सुटल्यावर, संध्याकाळी, संगणक दिवसभर चालून गरम झालेला असताना. रोगी बरा असताना नाडी बघितली.

मग जानेवारीत एका सकाळी साडेसातला आम्ही वाचनालयाचं कुलूप उघडलं. संगणक दोन दिवस बंद होता. तोंडातून वाफ निघत होती. जांभळ्या वायरवर मीटर लावला. ही वायर संगणक बंद असतानाही जागी असते, बटणाचा हुकूम घेण्यासाठी, आणि तिच्यावर ५ व्होल्ट हवेत, निदान पावणेपाच तरी. मीटरवर साडेचारच्या खाली. बटण दाबलं, आकडा आणखी घसरला, पंख्यानं झटका दिला आणि थांबला. तिघंही मीटरकडे बघत राहिलो. भाच्यानं मोबाईलचा उजेड डब्याच्या जाळीतून आत टाकला तर दोन कपॅसिटरांची डोकी फुगलेली दिसली. चांगल्याचं डोकं सपाट असतं.

इथे एक इशारा, आणि तो आम्ही सरकारी भाषेत देतो: सदर डबा कोणीही उघडू नये. वायर भिंतीतून काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज काही वेळ साठलेली असू शकते. कॅबिनेट उघडून धूळ काढा, रॅम पुसा, पण आधी भिंतीतली वायर काढा, आणि त्या चौकोनी डब्याला स्क्रू ड्रायव्हर लावू नका. तो संपूर्ण बदलायचा असतो, आणि बदलणं म्हणजे चार स्क्रू आणि काही खाचा.

भाच्याच्या घरचा चांगला एसएमपीएस आणून लावला. या वेळी फक्त तेवढंच, बाकी कशाला हात नाही. चौदा सकाळी, सगळ्या थंडीच्या, चौदाही वेळा पहिल्या दाबाला सुरू.

पुढे आमच्यात मतभेद झाला. आम्हाला जुना एसएमपीएस पुन्हा लावून बघायचा होता. नाना म्हणाले, ‘अरे बाबा, चांगलं चाललंय ते कशाला बिघडवतोस? परीक्षा घ्यायची हौस आहे का?’ आम्ही म्हटलं, नाना, मागच्या वेळीही आठ दिवस चाललाच होता आणि आपण जिलेबी खाल्ली होती. जुना लावल्यावर बिघाड परत आला तरच चोर पकडला म्हणायचा, नाहीतर पुन्हा योगायोग. नाना तयार झाले, पण म्हणाले, आधी काकूंच्या प्रती माझ्या कपाटात येऊ देत. तिसरी प्रत तेव्हा झाली. जुना लावला. पहिल्या सकाळी सुरू झाला आणि नानांनी आमच्याकडे असं बघितलं की काय सांगावं. दुसऱ्या सकाळी काळा पडदा. इतका आनंद संगणक बंद पडल्यावर कधी झाला नव्हता.

जेल रोडवरून नवा एसएमपीएस आणला, दोन हजारांच्या आत काम झालं. फार स्वस्तातला घेऊ नका, एवढं सांगतो. डब्यावर मोठे वॉट छापलेले असतात पण हातात घेतला तर हलका फुलासारखा, तर आत काय असणार. वाचलेल्या पैशांतून काय करायचं यावर कार्यकारिणीत चर्चा चालू आहे, ती आपण सगळे जाणताच.

आता काहींचे प्रश्न आधीच चिठ्ठीवर आले आहेत, तेवढे पटकन घेतो. दिवा लागतो, पंखा फिरतो, पडदा काळा, पण विंडोज सुरू झाल्याचा आवाज येतो: दोष मॉनिटरचा किंवा केबलचा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्याला लावायची, मदरबोर्डला नव्हे, सफाईनंतर ही गफलत फार होते. दिवा मुळीच लागत नाही: एक्स्टेंशन बोर्ड काढून थेट भिंतीत लावून बघा, डब्यामागचा छोटा स्विच बघा, यूपीएसची बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर यूपीएस सोडून बघा. विंडोजच्या चिन्हाशी गोल गोल फिरत राहतो: दोन-तीनदा असं झालं की विंडोज १० स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवतं, तिथून सेफ मोडमध्ये जाता येतं. सेफ मोडमध्ये चालतो म्हणजे अलीकडे टाकलेलं काहीतरी त्रास देतंय. बंद करून सुरू केलं तर अडतो पण रीस्टार्ट केलं की ठीक: मग फास्ट स्टार्टअप नावाची सोय बंद करून बघा, कारण ती असली की संगणक पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतो. चालता चालता गरम होऊन बंद पडतो आणि मग तासभर सुरू होत नाही: हा आमच्या उलट रोग, प्रोसेसरवरचा पंखा आणि त्याखालची पेस्ट बघा. आणि ‘थाप मारली की चालतो’ अशी एक चिठ्ठी आहे. तो विनोद नाही. कुठेतरी खरंच काही सैल आहे, तर थाप मारण्याऐवजी एकेक जोड दाबून बघावा, आणि कोणता दाबल्यावर चालला ते लिहावं.

आता उन्हाळा सुरू झाला आहे. ज्यांच्या घरचा संगणक जानेवारीत रुसत होता तो आता मुकाट्यानं चालत असेल, आणि त्यांना वाटत असेल की बरा झाला. त्यातले फोटो आत्ता, तो चालतोय तोवर, उतरवून घ्यावेत.

शेवटचं. काकूंच्या ध्वनिमुद्रणांमधली मंगळागौरीची गाणी येत्या श्रावणात वाचनालयात ऐकवायचं महिला शाखेनं ठरवलं आहे. ती ऐकून आणखी कोणाकोणाकडे जुन्या कॅसेट, घरच्या आजीचा आवाज, लग्नातली रेकॉर्डिंग निघतील. ती घेऊन या. दर रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही तिघं वाचनालयात असतो. वही अजून सुतळीला बांधलेली आहे. कालच्या नोंदीत माऊसवाल्या काकांनी लिहिलंय, ‘सकाळी ९.४०, पहिल्या प्रयत्नास सुरू. माऊस हलविला.’